अमेरिकेतल्या दुकानांत स्पॅमसारखं स्वस्त डबाबंद मांस कुलपात का ठेवतात? असलं भिकारडं खाणं चोरतं तरी कोण?

चोरीला जातं म्हणून ठेवतात. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

पण प्रश्नात तुम्ही 'भिकारडं खाणं' म्हटलंय, आणि आमच्या थोरल्या दिरांचा सूर अगदी हाच आहे. शिवाय त्या कुलपाची किल्ली काही वर्षं माझ्याच मनगटाला लटकत होती. तेव्हा जरा बैजवार लिहिते.

मी वसईची. वडील बोटीवर चीफ कुक होते. साइन ऑफ करून घरी आले की ट्रंक उघडायचा कार्यक्रम व्हायचा आणि त्याला निम्मी आळी हजर. साबण, सिगारेटी, चीजचा डबा, आईसाठी सेंट. कॉर्न्ड बीफचा एका बाजूला निमुळता डबा असायचा. त्याच्या अंगालाच एक छोटी किल्ली डकवलेली असे. तिच्यात पत्र्याची पट्टी अडकवायची, गोल गोल गुंडाळत जायचं आणि शेवटच्या कोपऱ्यावर हमखास बोट कापून घ्यायचं. आणि स्पॅम. हे डबे आल्या आल्या उघडायची पद्धत नव्हती. ते हॉलमधल्या शोकेसमध्ये डिनर सेटच्या शेजारी मांडले जायचे, लेबल पुढे करून. नाताळला, ईस्टरला किंवा पॅरिशचे फादर जेवायला आले तर त्यातला एक निघायचा. आई पातळ काप करून त्यांना बॉटल मसाला चोळायची आणि तेल न घालता तव्यावर टाकायची. माणशी एक काप, दुसरा मागायचा नाही. ताज्या डुकराच्या मटणाचं इंदियाल दर रविवारी व्हायचं, त्याचं कुणालाच काही नाही. डबा म्हणजे फॉरेन!

तर भिकारडं वगैरे जे काही आहे ते डब्यात नाही, कुठे बसून खाताय त्यात आहे. आत तेच ते असतं: डुकराचं मांस, मीठ, पाणी, बटाट्याचं स्टार्च, साखर आणि सोडियम नायट्राइट. हॉर्मेल कंपनीने १९३७ साली मिनेसोटातल्या ऑस्टिन गावी हे काढलं. डुकराच्या खांद्याचं मांस तेव्हा पटकन खपत नव्हतं, त्याचं काय करायचं म्हणून. मग महायुद्ध आलं. अमेरिकन सैनिकांना हे इतकं खायला घातलं की परत आल्यावर अनेकांनी जन्मात पुन्हा डबा उघडायचा नाही असं ठरवलं. अमेरिकेतली बदनामी तिथून सुरू होते. पण तोच डबा ब्रिटनला मदत म्हणून गेला. तिथे मांसाचं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं, त्यामुळे लोकांनी त्याची पिठात बुडवून भजी तळली. रशियालाही गेला. स्पॅम नसता तर आम्हाला सैन्याला जेवू घालता आलं नसतं, असं खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी आठवणींत म्हटलंय. कोरियात अमेरिकन छावण्यांतून बाहेर आलेल्या डब्यांचं लोकांनी किमची घालून कालवण केलं. बुदे जिगे म्हणतात त्याला, म्हणजे छावणीचं कालवण, आणि उइजोंगबू हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९८७ पासून कोरियन कंपनी स्वतः परवान्याने स्पॅम बनवते, आणि चुसोक म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला लोक एकमेकांना स्पॅमचे डबे खोक्यात सजवून भेट देतात. आपण काजूकतली देतो तसे. आमच्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाई कोरियन होत्या. त्या सांगायच्या, सासरी पहिल्या सणाला कोणत्या आकाराचं खोकं आलं यावरून सून जोखली जाते. हवाईत तर वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास डबे खपतात. भाताच्या वडीवर स्पॅमचा भाजलेला काप ठेवून वर समुद्री शेवाळाची पट्टी बांधतात, त्याला मुसुबी म्हणतात. पेट्रोल पंपावरसुद्धा मिळते. ओबामा हवाईचेच, तेही सुट्टीवर गेले की खातात.

आमचे दीर हे सगळं ऐकून घेत नाहीत. ते न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात, आमच्या कितीतरी वर्षं आधी आलेले, त्यामुळे अमेरिकेचा सातबारा त्यांच्याच नावावर. आम्ही नवीन आलो त्या वर्षी नाताळला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सोरपोतेल होतं, फुगियाही केल्या होत्या, आणि मुलांसाठी म्हणून स्पॅम घालून भात परतला होता. दिरांनी ताट पुढे सरकवलं आणि भरल्या टेबलावर म्हणाले, "पाहुण्यांना डबा फोडून घालतेस? इथे हे फूड बँकेत गरिबांना वाटतात." मुलांनी पातेलं पुसून खाल्लं तो भाग वेगळा. दीर आहेत, मोठे आहेत, मी काही बोलले नाही. पण लक्षात ठेवलं.

आता कुलपाकडे येते.

मी जर्सी सिटीत एका औषधांच्या साखळी दुकानात कामाला होते. नाव घेत नाही. औषधांचं म्हणायचं, पण दूध, अंडी, साबण, डबे, सगळं असतं. कुलपं दोन प्रकारची. एक म्हणजे अख्ख्या शेल्फला सरकतं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं दार आणि बाजूला बटण. बटण दाबलं की दुकानभर घोषणा होते, मग मनगटाला स्प्रिंगच्या बांगडीत किल्ली अडकवलेली कुणीतरी, म्हणजे मी, धावत यायचं. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक डब्याला स्वतंत्र पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी. ती गिऱ्हाइकाने उचलून काउंटरवर आणायची. तिथे टेबलात चुंबक बसवलेलं असतं, त्यावर पेटी ठेवून दाबली की खट्ट करून उघडते. स्पॅम दुसऱ्या प्रकारात. २०२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलमधल्या दुकानातला ३.९९ डॉलरचा स्पॅमचा डबा अशा पेटीत बसलेला फोटो जगभर फिरला, तो तुम्हीही पाहिला असेल. पण हे काही तिथे पहिल्यांदा झालं नाही. होनोलुलूतल्या दुकानांनी २०१७ मध्येच स्पॅम पेट्यांत घातला होता, कारण खोकीच्या खोकी पळवली जात होती.

कोण चोरतं? भुकेला माणूस एक डबा खिशात घालतो. असे आम्ही पाहिले, आणि खरं सांगते, आमच्यातल्या अनेकजणी तेव्हा दुसरीकडे बघायच्या. एका डब्यासाठी कुणी पेट्या विकत घेत बसत नाही. पेट्या येतात त्या शेल्फ झाडून नेणाऱ्यांमुळे. एक माणूस यायचा, उंच, अतिशय शांत. मोठी निळी पिशवी शेल्फच्या कडेला लावायचा आणि कोपराने डबे आत लोटायचा. मग कपडे धुण्याचं लिक्विड, मग दाढीची पाती. आम्हाला सक्त ताकीद होती: हात लावायचा नाही, आडवं जायचं नाही, मागे धावायचं नाही, नोंद करायची. धावलात तर तुमचीच नोकरी जाईल. ते बरोबरच आहे म्हणा, तासाच्या पगारावर कुणी चाकू कशाला खायचा. संध्याकाळी चार चौक पलीकडे फुटपाथवर चादर अंथरून दोन दोन डॉलरला डबे मांडलेले असायचे.

रोनाल्ड क्लार्क नावाच्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने १९९९ मध्ये मांडलं होतं की चोर कोणती वस्तू उचलतो हे तिच्या काही गुणांवर ठरतं: लपवता येते का, उचलून नेता येते का, हाताशी आहे का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुढे पटकन विकता येते का. स्पॅमचं बघा. मुठीत मावतो, वर्षानुवर्षं खराब होत नाही, फ्रीज लागत नाही, पत्र्याचा असल्यामुळे फुटत नाही, आणि न विचारता विकत घेणारे भरपूर. बाळाच्या दुधाची पावडर, डिटर्जंट, पाती यांचं तेच. ब्रिटनमध्ये २०२२ साली लुरपाक लोण्याच्या डब्यांना चोरीविरोधी टॅग लागले, त्यामागेही हीच गोम. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. स्वस्त मालाला गिऱ्हाईक होतंच.

आता जे सांगायचंय ते. आमच्याकडे एक फिलिपिनो बाई यायच्या, घरोघरी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या. जर्सी सिटीत फिलिपिनो वस्ती मोठी, मनिला अव्हेन्यू नावाचा रस्ताच आहे. या लोकांची एक पद्धत असते, बालिकबायन खोकं. भलामोठा पुठ्ठ्याचा खोका महिनोन्महिने घरात उघडा ठेवायचा, त्यात साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबे साठवत जायचे आणि भरला की बोटीने गावाला पाठवायचा. आणि त्यात स्पॅम पाहिजेच. बाईंनी मला मोबाइलवर आपल्या खोक्याचा फोटो दाखवला. तळाला टॉवेल, कोपऱ्यांत मोजे खुपसलेले, मधे निळे डबे उभे. माझ्या वडिलांची ट्रंक आणि तो खोका यात फरक काढून दाखवा.

त्या दिवशी त्यांना बारा डबे हवे होते. सेल होता आणि खोका आठवड्यात जायचा होता. टोपलीत बारा प्लॅस्टिकच्या पेट्या म्हणजे काय प्रकरण असतं ते डोळ्यांसमोर आणा, एकीवर एक घसरतायत, बाई हनुवटीने धरून चालतायत. काउंटरवर मी एकटी. रांग दारापर्यंत, सेल्फ चेकआउटच्या मशीनचा दिवा लाल होऊन बसलेला, आणि मागे काचेच्या शेल्फचं बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं. मी खट्ट, खट्ट पेट्या उघडायला लागले, तेवढ्यात मॅनेजर आला. म्हणाला, इतके एकदम द्यायचे नाहीत, हे लोक पुढे विकतात. 'हे लोक' असं त्यांच्या तोंडावर. बाई काही बोलल्या नाहीत, पाकीट उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर नर्सिंगच्या कामाचे कपडे, पाय सुजलेले. रोख पैसे मोजून देणाऱ्या माणसाला चोर ठरवायचं आणि पिशवी भरून नेणाऱ्याला दार उघडून द्यायचं, हा त्या दुकानाचा न्याय.

मी मॅनेजरला विचारलं, सेलच्या पाटीवर 'माणशी इतकेच' असं कुठे लिहिलंय ते दाखव. लिहिलेलं नव्हतं. मग मी बाराच्या बारा पेट्या उघडल्या, बिल केलं, दोन दोन पिशव्या एकात एक घालून डबे भरले आणि बाईंना दारापर्यंत पोचवून आले. रांगेतली एक पोरगी वैतागून वस्तू टाकून निघून गेली, तिचा राग मला कळतो. दुसऱ्या दिवशी मला लेखी ताकीद मिळाली. कागद अजून आहे माझ्याकडे. जपून ठेवलाय.

तर कुलपाचं खरं गणित असं आहे. कंपन्यांनी माणसं कमी केली, काउंटरच्या जागी मशीन आणली. दुकानात लक्ष ठेवायला डोळे उरले नाहीत, म्हणून कुलूप आलं. आणि कुलूप उघडायला परत माणूस लागतोच, तो नाहीच. मग गिऱ्हाईक बटण दाबून कंटाळतं आणि फोनवरून घरपोच मागवतं. वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळी दुकानांचे तेव्हाचे प्रमुख टिम वेंटवर्थ यांनी जानेवारी २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर हे कबूल केलं, की वस्तू कुलपात ठेवली की ती कमी खपते. हे कळायला इतकं मोठं पद लागतं होय! आमच्या काउंटरवरच्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दिरांचं म्हणणं अर्थातच निराळं. तो बस टर्मिनलचा फोटो त्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, माझं नाव घालून: "तुझा शाही पदार्थ तिजोरीत गेला, अभिनंदन." खाली दहा हसरे चेहरे. पाठोपाठ भाषण: कायदे ढिले झालेत, कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी फुकट आहे, म्हणून हे दिवस आलेत. तुमच्या प्रश्नाखालच्या दोन उत्तरांतही हेच लिहिलंय, म्हणून एकदाच सांगते. ९५० डॉलर ही मर्यादा आहे हे खरं. पण तिच्या खालची चोरी फुकट नाही, तो गुन्हाच आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फक्त तो सहसा गंभीर गुन्ह्याच्या वर्गात येत नाही. टेक्सासमध्ये हीच रेषा २,५०० डॉलरवर आहे, आणि टेक्सासला कुणी मवाळ म्हणत नाही. आणि आमच्या न्यू जर्सीत? २०० डॉलर. कॅलिफोर्नियाच्या पाव भागाहूनही कमी. तरी माझ्या मनगटाला किल्ली होतीच ना, भावोजी? हवाईत २०१६ ला ही रेषा ३०० वरून ७५० डॉलरवर नेली आणि पुढच्याच वर्षी स्पॅम पेटीत गेला, तिथले दुकानदार त्यालाच बोल लावतात. असेल, तिथे काही अंशी असेलही. पण रेषा तिथली, कुलपं सगळीकडे.

शिवाय संघटित टोळ्यांनी दुकानांचं दिवाळं काढलं, अशी जी ओरड चालली होती तिचंही ऐका. अमेरिकेतल्या किरकोळ दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये अहवाल काढला, की २०२१ मधल्या दुकानांतल्या मालाच्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळजवळ निम्मी टोळ्यांमुळे. त्याच वर्षी डिसेंबरात तो दावा त्यांनाच मागे घ्यावा लागला, आकडाच चुकीचा निघाला. त्या तुटीत कर्मचाऱ्यांची चोरी, हिशेबातल्या चुका, सगळं येतं. मी ही बातमी ग्रुपवर टाकली. एकही हसरा चेहरा आला नाही. भावोजींनी दुसऱ्या दिवशी सुप्रभातचा फुलांचा फोटो टाकला.

चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणत नाही बरं का. निळ्या पिशवीवाला मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्या दुकानात रोज शेल्फ रिकामं होतं त्याने काय करायचं, याला माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. एक माणूस वाढवा, एवढंच म्हणेन. इथल्याच पॅलिसेड्स पार्क गावी कोरियन दुकानात जाऊन बघा. तोच स्पॅम छातीइतक्या उंच चळतीत उघडा रचलेला असतो, सणाच्या आधी तर दाराशीच. कारण त्या रांगेत कायम कुणीतरी काम करत असतं, एक जण खोकी फोडतोय, एक जण भाव लावतोय. अर्थात तो भाग वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, बस टर्मिनलशी तुलना पूर्ण जुळत नाही हे मान्य.

तुम्ही इकडे नवीन आला असाल तर डबे तिथूनच घ्या, औषधांच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतात. आणि करताना काप पातळ करा, अर्ध्या बोटाहून जाड नको, तवा कोरडा ठेवा, चरबी आपोआप सुटते. कडा लालसर कुरकुरीत झाल्याशिवाय उलटायचं नाही. मीठ अजिबात घालू नका. बॉटल मसाला नसेल तर मालवणी चालेल. पाहुण्यांना वाढायला लाजू नका. कुणी ताट सरकवलं तर सरकवू द्या, मुलं बघून घेतात.

राहिलं एक. हे रोज खायचं अन्न नव्हे. छप्पन्न ग्रॅमच्या एका वाट्यात १६ ग्रॅम चरबी आणि ७९० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि ३४० ग्रॅमच्या डब्यात असे सहा वाटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय. बीपी असेल तर लांबच राहा. आमच्या दिरांना बीपी आहे, त्यामुळे त्यांनी खाऊ नये हे माझंही मत आहे. डुकराचं चालत नसेल तर टर्कीचा मिळतो, चवीला बेताचा.

मी ती नोकरी नंतर सोडली. फिलिपिनो बाई अजून रस्त्यात भेटतात. खोका पोचला होता, त्यांच्या भावाने सगळे डबे एका बैठकीत वाटून टाकले म्हणून त्या चिडल्या होत्या.